पाच रकान्यांची वही : अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळेवाल्या घराण्याचा माग कबरींतून आणि मृत्युलेखांतून कसा काढावा

रिचमंडच्या हॉलिवूड दफनभूमीत (सिनेमावाल्या हॉलिवूडशी हिचा काही संबंध नाही, ही व्हर्जिनियातली, जेम्स नदीकाठची, १८४७ साली स्थापन झालेली) अमेरिकी यादवी युद्धातल्या दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच्या कुटुंबाच्या कबरी एकत्र आहेत. नवरा, बायको, सहा मुलं. नवखा माणूस फोटो काढतो, वहीत ‘डेव्हिस कुटुंब, रिचमंड’ असं लिहितो आणि तिथेच फसतो.

कारण या आठ जणांपैकी रिचमंडमध्ये मरण पावला तो एकच, पाच वर्षांचा जोसेफ. १८६४ च्या एप्रिलमध्ये तो राहत्या घराच्या सज्जावरून पडला. थोरला सॅम्युअल दोन वर्षांचाही झाला नव्हता. तो १८५४ मध्ये वॉशिंग्टनला गेला. विल्यम १८७२ मध्ये घटसर्पाने आणि जेफरसन ज्युनियर १८७८ मध्ये पीतज्वराने, दोघेही मेम्फिसला. वडील स्वतः ६ डिसेंबर १८८९ ला न्यू ऑर्लिन्समध्ये. धाकटी विनी १८९८ मध्ये ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यावर, आई व्हरिना १९०६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये, आणि मार्गारेट १९०९ मध्ये कोलोरॅडोत. यांतले बरेच जण आधी दुसरीकडे पुरले गेले आणि नंतर इथे आणले गेले. खुद्द जेफरसनचा देह साडेतीन वर्षं न्यू ऑर्लिन्सच्या मेटेरी दफनभूमीत होता. रेल्वेने तो रिचमंडला पोहोचला ३१ मे १८९३ ला.

आणि जे इथे नाहीत त्यांचं काय? पहिली बायको सारा नॉक्स टेलर लुइझियानात सेंट फ्रान्सिसव्हिलजवळ आहे. आई मिसिसिपीत वुडव्हिलच्या रोझमाँट या घराच्या आवारात. आणि ज्याच्या पैशावर हे सगळं उभं राहिलं तो थोरला भाऊ जोसेफ एमरी डेव्हिस मिसिसिपी नदीतल्या एका बेटावर, जिथे आज सहजासहजी जाताही येत नाही.

मुद्दाम हेच घराणं घेतोय. जेफरसन डेव्हिस हा गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष. त्याच्यावर इतकं लिहिलं गेलं आहे की तुमचं उत्तर बरोबर आलं की चूक हे ताडून पाहता येतं. उत्तर ठाऊक असलेल्या गणितावर आधी हात बसवावा, मग ज्या घराण्याचं काहीच ठाऊक नाही त्याकडे वळावं.

माझं स्वतःचं निमित्त म्हणजे ऑफिसातली एक सहकारी. तिचे पूर्वज जॉर्जियातले कापूसवाले, आणि तिला नुसतं एवढंच ठाऊक होतं की ‘कुठेतरी कुटुंबाची दफनभूमी आहे’. आपल्याकडे त्र्यंबकेश्वराला गेलं की उपाध्ये वही उघडून आजोबा-पणजोबांची नावं वाचून दाखवतात, अस्थी मात्र पाण्यात गेलेल्या असतात. तिकडे नेमकं उलटं. दगड जागेवर असतो, पण वही तुम्हालाच करावी लागते.

आधी वही आखा

संकेतस्थळांवर धावण्याआधी एक कोरी वही किंवा स्प्रेडशीट घ्या आणि प्रत्येक माणसापुढे पाच रकाने पाडा : कधी वारला, कुठे वारला, आधी कुठे पुरला, आता कुठे आहे, आणि हे कोण सांगतंय.

बहुतेक लोक दुसरा, तिसरा आणि चौथा रकाना एकच समजतात. वरचं डेव्हिस कुटुंब बघा, काय होतं ते कळेल. पण खरा कस लागतो तो पाचव्या रकान्यात. ‘दगडावर आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही. दगड कोणी बसवला, मृत्यूनंतर किती वर्षांनी, आणि त्याला ती तारीख कोणी सांगितली? जेफरसन डेव्हिसचा जन्म १८०८ चा म्हणून सगळीकडे छापलं जातं, पण १८०७ की १८०८ याबद्दल खुद्द त्याच्याच मनात घोळ होता. ज्याची जन्मतारीख आहे त्यालाच खात्री नसेल, तर पन्नास वर्षांनी संगमरवर कोरणाऱ्या कारागिराला कुठून असणार?

नावांसाठी एक सूचना. ही घराणी नावं पिढ्यान्‌पिढ्या फिरवतात. डेव्हिसांत आजोबा सॅम्युअल, काका सॅम्युअल, नातू सॅम्युअल. भाऊ जोसेफ, मुलगा जोसेफ. आई व्हरिना, आणि विनी म्हणून ओळखली जाणारी मुलगी कागदोपत्री व्हरिना ॲन. म्हणून वहीत नुसतं नाव कधीच लिहू नये. नावाशेजारी जन्मसाल आणि कोणाचा कोण हे असावंच. ‘ज्युनियर’ आणि ‘सीनियर’ यांवर तर अजिबात विसंबू नका. त्या काळी एकाच गावात एकाच नावाचे दोघे असले, तर नातं नसतानाही थोरल्याला सीनियर म्हणत, आणि थोरला वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर व्हायचा.

सरकारी दाखला मिळणार नाही

आपल्या डोक्यात मृत्यूचा दाखला पक्का बसलेला असतो. दक्षिणेत १९ व्या शतकात तो जवळपास नव्हताच. व्हर्जिनियाने १८५३ मध्ये नोंदणी सुरू केली, १८९६ मध्ये बंद केली आणि १९१२ मध्ये पुन्हा सुरू केली. मिसिसिपीत राज्यव्यापी नोंदणी आली १९१२ मध्ये, साउथ कॅरोलायनात १९१५ मध्ये, जॉर्जियात १९१९ मध्ये. न्यू ऑर्लिन्स शहर याला सणसणीत अपवाद आहे; तिथल्या मृत्यूच्या नोंदी १८१९ पासूनच्या आहेत. त्यामुळे शोधत असलेला माणूस आजारपणात किंवा कापसाच्या व्यवहारासाठी त्या शहरात गेला होता का, हे आधी पाहून घ्यावं.

दाखल्याची उणीव थोडीफार भरून काढतात ती जनगणनेची मृत्युपत्रकं. १८५०, १८६०, १८७० आणि १८८० या चारही जनगणनांत गणनेच्या १ जूनआधीच्या १२ महिन्यांत वारलेल्यांची वेगळी यादी केलेली आहे : नाव, वय, महिना, कारण. म्हणजे १० वर्षांतलं एकच वर्ष सापडतं, पण सापडलं तर सोनं. १८५० आणि १८६० च्या याद्यांत गुलामगिरीत वारलेली माणसंही आहेत, कधी फक्त पहिल्या नावाने, कधी तेवढंही नाही. १८९० च्या जनगणनेची आशा सोडा. १९२१ च्या आगीत ती जवळजवळ सगळी गेली.

निधनवार्ता आणि मृत्युलेख

हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि शोधायच्या जागाही वेगळ्या. निधनवार्ता म्हणजे गावच्या वर्तमानपत्रातल्या तीन-चार ओळी, आठवडाभरात छापलेल्या. मृत्युलेख म्हणजे पाद्र्याने किंवा जावयाने लिहिलेला लांबलचक मजकूर, तो बहुधा धर्मपंथाच्या साप्ताहिकात, तीन-चार महिन्यांनीसुद्धा. मेथडिस्टांचं चार्ल्स्टनहून निघणारं ‘सदर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट’, जॉर्जियातल्या बॅप्टिस्टांचं ‘ख्रिश्चन इंडेक्स’ अशी ती पत्रं. घराणं कोणत्या पंथाचं होतं ते कळल्याशिवाय मृत्युलेखाच्या मागे लागू नका; अर्धी मेहनत वाया जाते.

निधनवार्ता कशी वाचायची ते एका नमुन्यावर दाखवतो. नमुना मीच रचलाय, पण साचा अस्सल आहे. समजा ६ नोव्हेंबर १८५१ च्या अंकात असं आहे : ‘अल्टिमो १४ रोजी, या काउंटीत, जावयाच्या घरी, कै. कर्नल अमुक यांची रेलिक्ट श्रीमती अमुक, वय ६३ वर्षं २ महिने ९ दिवस. अलाबामा आणि टेक्सासच्या पत्रांनी कृपया छापावे.’

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. ‘अल्टिमो’ म्हणजे गेला महिना. याचं संक्षिप्त रूप ‘अल्ट.’ असं दिसतं आणि ‘इन्स्ट.’ म्हणजे चालू महिना. तेव्हा मृत्यू १४ ऑक्टोबरचा, नोव्हेंबरचा नव्हे. त्यातून वय वजा केलं की जन्मतारीख निघते : ५ ऑगस्ट १७८८. घरच्या बायबलाच्या पानावरची जन्माची नोंद हरवली असली तरी तारीख अशी हाती येते. ‘रेलिक्ट’ म्हणजे विधवा, म्हणजे कर्नल १८५१ च्या आधीच गेलेला. तिथे ‘कॉन्सॉर्ट’ असतं तर नवरा हयात असताना बाई गेली, असा अर्थ झाला असता. हेच दोन शब्द दगडांवरही येतात, आणि एका शब्दावरून नवऱ्याच्या मृत्यूची कमाल किंवा किमान मर्यादा ठरते. जावयाच्या घरी वारली, म्हणजे तिची कबर कर्नलच्या शेजारी नसून मुलीच्या सासरच्या दफनभूमीत असण्याची शक्यता बळावते. ‘कर्नल’वर मात्र फार भिस्त ठेवू नका, मिलिशियात, म्हणजे गावच्या हौशी फौजेत, महिनाभर मिरवलेला माणूसही मरेपर्यंत कर्नल राहायचा.

आणि शेवटचं वाक्य, ज्याकडे कोणी बघत नाही, ते माझ्या मते अख्ख्या वार्तेतलं सर्वात मोलाचं. अलाबामा आणि टेक्सासच्या पत्रांनी छापावे, कारण तिची मुलं किंवा भाऊ तिकडे गेलेले आहेत. जुनी जमीन कापसाने चोपून काढायची आणि पश्चिमेला नवी घ्यायची, हा या लोकांचा शिरस्ता. जी मुलं मृत्युपत्रात ‘नाहीशी’ झालेली वाटतात ती बहुतेक वेळा या एका ओळीत सापडतात.

वर्तमानपत्रं कुठे मिळतील? लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा संग्रह फुकट आहे, जॉर्जियाच्या जुन्या वर्तमानपत्रांचाही फुकट संग्रह आहे. पैसे भरायची वेळ त्यानंतर. शोधताना फक्त आडनाव टाकलंत तर ‘डेव्हिस’चे डोंगर उभे राहतील. मळ्याचं नाव टाकून बघा, तेही जपून. जोसेफ डेव्हिसच्या मळ्याचं नाव होतं ‘हरिकेन’. मी तो शब्द टाकला आणि मेक्सिकोच्या आखातातली शतकभराची वादळं माझ्यासमोर हजर झाली. जेफरसनचा मळा ‘ब्रायरफील्ड’. त्याचं इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांनी छापलेलं सापडतं, दोन्ही तपासा. यंत्राने वाचलेल्या जुन्या छापात अक्षरं वाटेल तशी बदलतात, म्हणून मृत्यूनंतरच्या दोन आठवड्यांचे अंक चक्क पान उलटत वाचणं हाच उत्तम उपाय.

यादवी युद्धाची वर्षं, १८६१ ते १८६५, वेगळी धरा. कागदच मिळेना. वेढा पडलेल्या व्हिक्सबर्गमध्ये ‘डेली सिटिझन’चा जुलै १८६३ चा अंक भिंतीला लावायच्या कागदाच्या मागच्या बाजूवर छापला गेला. कित्येक पत्रं बंदच पडली. त्या चार वर्षांत निधनवार्ता नाही म्हणून माणूस जिवंत होता, असा निष्कर्ष काढू नये.

मृत्युलेखातली भक्तिभावाची भाषा मात्र चाळून पुढे जा. शांत चित्ताने प्राण सोडला, शेवटच्या क्षणी गुडघे टेकून प्रार्थना, मुलांना उपदेश. हे सगळं ठरीव आहे, आपल्याकडच्या ‘दुःखद निधन, ते मनमिळाऊ होते’सारखं. ‘गुलामांशी दयाळूपणे वागणारा मालक’ हाही त्यातलाच एक साचा. ते वाक्य दिसलं की पाचवा रकाना काढा. हे कोण सांगतंय? जावई. वारसाहक्काने कोणाला काय मिळालं ते आपण पुढे पाहणारच आहोत.

दगडासमोर

दफनभूमीची जागा शोधायला ‘फाइंड अ ग्रेव्ह’ आणि ‘बिलियनग्रेव्ह्ज’ ही संकेतस्थळं सुरुवातीला पुरेशी आहेत. फक्त लक्षात असू द्या, की तिथलं पान म्हणजे कबर नव्हे. स्वयंसेवकाने एखाद्या पुस्तकावरून किंवा दुसऱ्याच्या वंशवृक्षावरून पान तयार केलेलं असू शकतं. दगडाचा फोटो नसेल तर ती नुसती ऐकीव माहिती समजा. दगड असूनही खाली देह नाही असंही होतं. स्मारक एका गावी, माणूस दुसऱ्या गावी. देह हलवला गेला की दोन ठिकाणी दोन पानं राहतात, तीही दोन्ही खरी.

संकेतस्थळावर नसलेली खासगी दफनभूमी शोधायची तर अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचे जुने नकाशे बघा, त्यांवर दफनभूमीची खूण असते. त्याहून चांगलं म्हणजे जमिनीची खरेदीखतं. मळा विकताना बरीच कुटुंबं ‘कबरींची अर्धा एकर जागा वगळून’ असं लिहून ठेवत. जोसेफ डेव्हिसने १८६६ मध्ये जमीन विकून टाकली, १८७० मध्ये तो व्हिक्सबर्गला वारला, तरी कबर मळ्यावरच. आणि मळा? तो नदीच्या वळणावर होता. १८६७ च्या पुरात मिसिसिपीने वळणाची मान कापून नवा रस्ता धरला आणि डेव्हिस बेंडचं डेव्हिस आयलंड झालं. कागदावर जमीन मिसिसिपी राज्यातली, पण नदी ओलांडून लुइझियानाच्या अंगाला. कबर हलली नाही, नदी हलली. म्हणून मृत्यूच्या काळचा नकाशा आणि आजचा नकाशा शेजारी शेजारी ठेवूनच निघा.

जायचं ते जानेवारी-फेब्रुवारीत. पानं झडलेली असतात, साप बिळात असतात, गोचीड कमी. जमीन खासगी असेल तर मालकाची परवानगी आधी घ्या. वंशजांना कबरीपर्यंत जाऊ द्यावं असे कायदे बऱ्याच राज्यांत आहेत, पण कायद्याचं पुस्तक दाखवत कुंपणात शिरण्यापेक्षा दार ठोठावून चहापाण्याच्या गप्पा केलेल्या बऱ्या. मालकालाच पुष्कळदा दगड कुठे आहेत ते ठाऊक असतं.

आता माझी फजिती सांगतो. जॉर्जियातल्या त्या दफनभूमीत मी भर दुपारी पोहोचलो. लोखंडी जाळीच्या आत सहा दगड, सगळे संगमरवराचे, पावसाने साखरेसारखे विरघळलेले. सहकाऱ्याच्या खापरपणजीच्या दगडावर मी साल वाचलं १८३४. धाकट्या मुलाचा जन्म १८४८ चा. आई गेल्यावर १४ वर्षांनी मूल! म्हणजे दुसरी बायको असणार, असं ठरवून आम्ही दोन महिने त्या नसलेल्या बाईचं माहेर शोधलं. काउंटीच्या लग्ननोंदी तीनदा चाळल्या. दुसऱ्या खेपेला मी दाराएवढा हलका आरसा नेला. दगड सावलीत होता. आरशाने ऊन एका बाजूने, अगदी चाटून जाईल असं पाडलं, आणि ३ च्या वरच्या भागात एक सरळ आडवी रेघ उठून आली. १८५४. दुसरी बायको तिथल्या तिथे अंतर्धान पावली.

तेव्हा आरसा न्या, आणि फोटो सकाळी किंवा उतरत्या उन्हात काढा. दगडावर खडू घासू नका, दाढीचा फेस लावू नका, ब्लीच आणि तारेचा ब्रश तर नकोच. साधं पाणी आणि मऊ ब्रश, तोही दगड डगमगत नसेल तरच. पूर्ण दगडाचा एक फोटो, अक्षरांचा जवळून एक, आणि सगळ्या कबरी एकमेकांच्या संदर्भात दिसतील असा एक. कोण कोणाशेजारी आहे हे नंतर सर्वात जास्त लागतं आणि तोच फोटो नेमका राहून जातो.

दगड मृत्यूच्या काळचा आहे का ते अक्षरांपेक्षा दगडच सांगतो. १८३० च्या मृत्यूवर चकचकीत ग्रॅनाइट दिसला की तो नातवंडांनी बसवलेला. निळसर करड्या रंगाचं, टिचकी मारली की पोकळ वाजणारं स्मारक दिसलं तर ते जस्ताचं. व्यापारी त्याला ‘व्हाइट ब्राँझ’ म्हणत. कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या मोन्युमेंटल ब्राँझ कंपनीने ती १८७० च्या दशकापासून १९१४ पर्यंत विकली. त्यावर १८३५ चा मृत्यू कोरलेला असेल तर ती निदान ३५ वर्षांनंतरची आठवण आहे. दगडाच्या पायाशी, गवताच्या रेषेत, कधी कधी कारागिराची सही असते. तीही टिपून घ्या.

मुलींच्या मागे जा

पुरुषांच्या कबरी सापडतात, घोडं अडतं ते बायकांपाशी. सारा नॉक्स टेलर ही पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या झकरी टेलरची मुलगी. १७ जून १८३५ ला लग्न, १५ सप्टेंबरला मृत्यू, वय २१. डेव्हिसांच्या कुठल्याच दफनभूमीत ती नाही, टेलरांच्याही नाही. नवरा-बायको जेफरसनच्या थोरल्या बहिणीकडे, अ‍ॅना स्मिथच्या लोकस्ट ग्रोव्ह मळ्यावर गेले होते, तिथे दोघांना मलेरिया झाला. तो वाचला, ती गेली. स्मिथांच्या दफनभूमीत ती आहे. ‘डेव्हिस’ शोधणाऱ्याला नणंदेचं सासर सुचलं नाही तर ती कधीच सापडणार नाही.

म्हणून प्रत्येक मुलीच्या सासरची दफनभूमी वहीत स्वतंत्र पानावर घ्या. लुइझियानात काउंटीऐवजी पॅरिश असते आणि तिथल्या कायदेशीर कागदांत बाईचं माहेरचं नाव कायम राहतं. मिसिसिपीत अडलेली विवाहित मुलगी लुइझियानाच्या वारसाकागदांत माहेरच्या नावाने अचानक भेटते.

तारखाही बोलतात. सप्टेंबर १८३५, ऑक्टोबर १८७८. उन्हाळ्याची अखेर म्हणजे तापाचा मोसम, पहिली गोठवणारी थंडी पडेपर्यंत डास मरत नसत. ज्यांना परवडे ते मळेवाले जूनमध्येच डोंगरात पळत. चार्ल्स्टनकडची मंडळी नॉर्थ कॅरोलायनातल्या फ्लॅट रॉकला जात, आणि तिथल्या सेंट जॉन इन द विल्डरनेस चर्चच्या आवारात आज किनाऱ्यावरची आडनावं डोंगरात पाहायला मिळतात. जून ते ऑक्टोबरमध्ये वारलेला माणूस मळ्यावर सापडला नाही, तर तो हवापालटाच्या गावी शोधा.

जाळीच्या बाहेर

दफनभूमीची लोखंडी जाळी मालकांच्या कबरींभोवती असते. जाळीबाहेर, उताराकडे, झाडीत, जमिनीला पडलेले लांबट खळगे दिसतात, पूर्व-पश्चिम. डोक्याशी एखादा ओबडधोबड दगड, त्यावर अक्षर नाही. आसपास सदाहरित व्हिंकाची वेल पसरलेली, क्वचित युका किंवा सिडार, कुठे शिंपले. ही गुलामगिरीत ठेवलेल्या माणसांची दफनभूमी. तिथे काही उचलू नका, खणू नका. जागा आणि खळग्यांची संख्या टिपा. मळेवाल्या घराण्याचा इतिहास लिहायचा आणि इथे फोटो न काढता परतायचं, हे मला पटत नाही. तो मळा याच माणसांनी चालवला.

१८६० मध्ये जेफरसन डेव्हिसच्या मालकीची ११३ माणसं होती, जोसेफकडे ३०० हून अधिक. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या गणनेत मालकाचं नाव आहे. त्यांचं फक्त वय, लिंग, वर्ण. नावं सापडतात ती मालकाच्या मृत्यूमुळे, आणि इथेच निधनवार्तेचा खरा उपयोग. मालक वारला की थोड्याच काळात काउंटीच्या कोर्टात मालमत्तेची यादी दाखल होई. त्यात खेचरं, नांगर, चांदीचे चमचे, आणि त्याच यादीत माणसं, नावानिशी, प्रत्येकापुढे डॉलरमध्ये किंमत. आई आणि तान्हं मूल बरेचदा एका ओळीत. पाठोपाठ वाटणीचा कागद : कोणती माणसं कोणत्या वारसाला. दयाळू मालकाच्या मृत्युलेखाशेजारी हा कागद ठेवून वाचा. मृत्यूची तारीख हाती असेल तर कोर्टाचं कोणतं पुस्तक उघडायचं ते कळतं. नसेल तर आंधळी कोशिंबीर.

त्यापुढची कडी युद्धानंतरची. १८६५ ते १८७४ या काळात चाललेल्या, गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठीच्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेवहीत खातेदाराचे आईवडील, भावंडं, कधी जुना मालक आणि मळा यांची नोंद आहे; व्हिक्सबर्गलाही तिची शाखा होती. १८७० च्या जनगणनेत ही कुटुंबं पहिल्यांदाच नावागावासकट येतात. आणि मृत्युलेखांच्या नेमकं उलट्या दिशेने जाणारं एक सदर आहे, तेही वाचाच : न्यू ऑर्लिन्सच्या ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट’मधलं १८७९ पासूनचं ‘लॉस्ट फ्रेंड्स’. विकली गेल्यामुळे ताटातूट झालेली माणसं त्यात आई, बहीण, मुलगा यांना शोधत. अमुक मालकाकडे होतो, तमुकने मला विकत घेतलं, धाकट्या भावाचं नाव हे. पाद्री ती पत्रं चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवत. मालकाच्या आडनावाने ही पत्रं शोधता येतात. मळेवाल्याच्या कुटुंबाने जे कुठेच लिहून ठेवलं नाही, ते या चार ओळींत असतं.

डेव्हिस बेंडच्या बाबतीत तर पुढची साखळी उजेडात आहे. जोसेफने १८६६ मध्ये मळे विकले ते बेंजामिन माँटगोमेरीला, ३ लाख डॉलरला; हाच माँटगोमेरी आधी जोसेफच्या मालकीत होता आणि मळ्यावरचं दुकान चालवत असे. तो १८७७ मध्ये वारला. त्याचा मुलगा आयझाया याने १८८७ मध्ये माउंड बायू हे गाव वसवलं. डेव्हिसांची वही माउंड बायूच्या दफनभूमीत गेल्याशिवाय पुरी होत नाही, असं मी म्हणतो. माझ्या वहीत त्या दोन कुटुंबांची पानं समोरासमोर आहेत.

कोर्टकज्जा

घराण्यात भांडण झालं असेल तर देवाचे आभार माना. भाऊ गेल्यावर जेफरसनने ब्रायरफील्डसाठी भावाच्याच वारसांवर दावा लावला, खालच्या कोर्टात हरला, आणि १८७८ मध्ये मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. अशा दाव्यांत नातेवाईक, शेजारी, जुने गुलाम शपथेवर सांगतात : कोण कधी कुठे राहत होतं, घर कोणी बांधलं, कोण कोणाला काय म्हणालं. दगडावर दोन तारखा असतात, जबानीत मधली वर्षं. काउंटीच्या चान्सरी कोर्टाच्या (वारसा-मालमत्तेचे असे दावे जिथे चालत, त्याच्या) फायली मागवताना फक्त मृताचं नाव देऊ नका; जावयांची नावंही द्या, कारण दावा बहुतेक त्यांनीच लावलेला असतो.

काही काउंट्यांची कोर्टं युद्धात किंवा नंतर जळाली. तसं सांगण्यात आलं तरी लगेच परतू नका. शेजारच्या काउंटीत जमीन होती का ते विचारा, अपील झालं असेल तर राज्याच्या अभिलेखागारात प्रत असते, आणि मिसिसिपीचं ते खातं जॅक्सनला आहे.

सगळं झालं की संकेतस्थळावरच्या चुकीच्या पानाच्या स्वयंसेवकाला दोन ओळी लिहा, आरशाच्या उजेडात काढलेला फोटो जोडा आणि पाचव्या रकान्यात तुमचं नाव, भेटीची तारीख घाला. आम्ही १८५४ ची दुरुस्ती पाठवली, ती तिसऱ्या दिवशी झाली. जाळीबाहेरचे २३ खळगे मात्र अजून माझ्या वहीत पाच कोऱ्या रकान्यांनिशी आहेत; पुढच्या फेब्रुवारीत कोर्टातली १८४१ ची यादी घेऊन आम्ही परत जाणार आहोत.